ऋणाची वजाबाकी



वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलायला उभा राहणारा मनुष्य एक तर फार धाडसी असला पाहिजे, नाही तर त्याला श्रोत्यांची काहीच कल्पना नसली पाहिजे. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, उद्या नाट्यसंगीत आहे. अशा दोन पक्वान्नांच्या मधे आमचे गणित म्हणजे पानातले कारलेच! परंतु कारल्याला गूळ घातला म्हणजे ते खपते, असा घरोघरचा अनुभव आहे. आम्ही गुळाच्या जागी थोडी नाणी आणि फासे आणले आहेत.

या टेबलावर रुपयाची वीस नाणी आहेत आणि दोन फासे आहेत, एक पांढरा व एक लाल. फासे पाहताच आपल्याला शकुनीची आठवण झाली असेल. पण भिऊ नका, येथे कोणाचे राज्य पणाला लागणार नाही. नाणी तर हल्ली पणाला लावायलासुद्धा मिळत नाहीत. भाजीवालादेखील फोनवर पैसे घेतो. ही वीस नाणी जमवण्यासाठी आम्हांला देवघरातल्या डबीपर्यंत हात घालावा लागला. आज पणाला काही लागलेच असेल तर ते निराळेच आहे, आणि तेच आधी सांगितले पाहिजे.

आम्ही शाळेत असताना एके दिवशी फळ्यावर नियम लिहिला गेला: ऋण गुणिले ऋण बरोबर धन. आम्ही हात वर करून विचारले, "का?" गुरुजींनी "तसा नियम आहे म्हणून" असे उत्तर दिले आणि तास संपेपर्यंत आम्हांला बाकावर उभे केले. बाकावरून वर्ग फार चांगला दिसतो. ज्यांनी काही विचारले नव्हते ते सगळे सुखाने बसलेले आम्हांला स्पष्ट दिसले. आम्ही त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. नियम पाठ केला, मार्क मिळवले आणि पुन्हा काही विचारले नाही.

आमच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला मात्र ते जमले नाही. न कळलेली गोष्ट त्याच्या तोंडात बसेना. 'गणित आपल्यासाठी नाही' असे त्याने त्याच वर्षी ठरवून टाकले. पुढे त्याने लाकडाची वखार चालवली. घनफुटांचे आणि उधारीचे हिशेब तो कागदाला हात न लावता करी. तरीसुद्धा "मला काही गणित येत नाही बुवा" हे त्याचे पालुपद अखेरपर्यंत सुटले नाही. एक 'का' अनुत्तरित राहिला आणि एका हुशार माणसाने जन्मभर स्वतःला मठ्ठ मानले. आज या सभागृहात असे कितीजण बसले असतील, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

आणि ही फक्त आपल्याकडची कथा आहे असेही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १७८३ साली आंरी बेल नावाचा एक मुलगा जन्माला आला. स्तांधाल या नावाने तो पुढे मोठा कादंबरीकार झाला. गणितात ढोंगाला वाव नसतो, म्हणून लहानपणी त्याचे गणितावर फार प्रेम होते. परंतु ऋण गुणिले ऋण धन का, हे त्याला कोणी समजावून देईना. त्याने १८३५-३६ मध्ये लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८९० साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात ही वेदना सविस्तर आली आहे. त्याचा प्रश्न असा होता: दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणले, तर त्या कर्जबाजारी माणसाजवळ पन्नास लाखांची संपत्ती कोठून येणार? प्रश्न बिनतोड आहे. आपल्यापैकी कोणाला असा मार्ग ठाऊक असेल तर सभा संपल्यावर आम्हांला अवश्य भेटावे.

आज आम्हांला स्तांधालला उत्तर द्यायचे आहे. आणि ते व्याख्यांनी नव्हे, या नाण्यांनी द्यायचे आहे.

सिंहांची बाजू वर असली तर तो छापा. आकड्याची बाजू वर असली तर तो काटा. आपण एवढेच ठरवू की, छापा म्हणजे एक रुपया हातात असणे, आणि काटा म्हणजे एक रुपया देणे असणे. तीन छापे म्हणजे धन तीन. तीन काटे म्हणजे ऋण तीन, म्हणजेच उणे तीन. आता एक छापा आणि एक काटा शेजारी शेजारी ठेवा. एक रुपया हातात आहे आणि एक रुपया देणे आहे. दिला की संपले. म्हणजे या जोडीची किंमत शून्य.

बेरीज करायची झाली तर नाणी एकत्र ठेवायची आणि जोड्या बाजूला काढायच्या. पाच काटे आणि तीन छापे एकत्र केले. तीन जोड्या निघाल्या, दोन काटे उरले. उणे पाच अधिक तीन बरोबर उणे दोन. येथे कोणताही नियम पाठ करावा लागला नाही. वाण्याचे पाच रुपये देणे असताना तीन हातात आले तर काय होईल, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते.

ही युक्ती आमची नव्हे. चीनमध्ये फार पूर्वीपासून लहान कांड्या मांडून हिशेब करीत. 'नऊ प्रकरणे' या तिकडच्या प्राचीन गणितग्रंथावर लिऊ हुई याने इसवी सन २६३ मध्ये टीका लिहिली. धनासाठी तांबड्या कांड्या आणि ऋणासाठी काळ्या, असे त्याने तीत सांगितले आहे. आज आपण तोट्याला लाल शाई वापरतो. तेथे नेमके उलट होते. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' रचला आणि त्यात धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम व्यवस्थित मांडले. दोन ऋणांची बेरीज ऋण, शून्यातून ऋण वजा केले तर धन, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन, हे सर्व त्यात आहे. युरोपात याच्या कितीतरी नंतर, १७५८ साली, फ्रान्सिस मासेरेस नावाचा इंग्रज विद्वान ऋण चिन्हावर अख्खा प्रबंध लिहून, लहान संख्या मोठीतून वजा करणे यापलीकडे या चिन्हाला अर्थ देऊ नये, असा आग्रह धरीत होता.

ब्रह्मगुप्ताचे शब्द आजही आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. ऋण म्हणजे देणे, हे मराठी मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. शब्दातच अर्थ आहे. दिव्याचे बटण हाताशी असताना आपण मुलाला अंधारात चाचपडायला लावतो, याचे आम्हांला नवल वाटते.

आता वजाबाकी. वजा करणे म्हणजे टेबलावरून उचलून नेणे. पाच छाप्यांतून दोन छापे उचलले, तीन उरले. उणे पाचातून उणे दोन वजा करायचे असतील तर पाच काट्यांतले दोन काटे उचलायचे. तीन काटे उरतात. येथपर्यंत सोपे आहे. परंतु दोनातून उणे तीन वजा करायचे असतील तर? टेबलावर दोन छापे आहेत. तीन काटे उचलायचे आहेत, आणि टेबलावर काटा तर एकही नाही. नाही ते उचलायचे कसे?

या ठिकाणी आमच्या पुतणीची साक्ष काढली पाहिजे. ती सातवीत होती. एका संध्याकाळी वही मिटून ती आमच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मला गणित येत नाही." तेच वाक्य! वखारवाल्या मित्राचे! आम्हांला चर्र झाले. आम्ही डबीतली नाणी काढली आणि दोन छापे मांडले. मग म्हणालो, "हे बघ, काटे नाहीत ना? मग आपण आणू. पण एकटा काटा आणला तर हिशेब बदलेल. म्हणून जोडी आणायची. जोडीची किंमत शून्य, तेव्हा हिशेब आहे तसाच राहतो." आम्ही तीन जोड्या टेबलावर ठेवल्या. आता पाच छापे आणि तीन काटे झाले. तीन काटे उचलले. पाच छापे उरले. दोन वजा उणे तीन बरोबर पाच.

पुतणी म्हणाली, "काका, ही लबाडी आहे! नसलेली नाणी तुम्ही मधेच कुठून आणलीत?"

खरे सांगतो, आम्हांला फार आनंद झाला. तिने 'का' विचारला होता. आम्ही तिला घरातलीच गोष्ट सांगितली. तिच्या पणजीचे वाण्याकडे खाते असे. एका वर्षी घरात आजारपण आले आणि तिने शंभर रुपये उसने घेतले. त्या क्षणी ती शंभर रुपयांनी श्रीमंत झाली का? नाही. हातात शंभर आले आणि वहीत शंभराचे देणे लिहिले गेले. शंभर छापे आणि शंभर काटे एकदमच घरात आले. मालमत्ता होती तेवढीच राहिली. 'ऋण काढून सण' करणाऱ्याला आपण हसतो ते याचसाठी: तो छापे मोजतो आणि काटे मोजायचे विसरतो. पुढे वाण्याने माणुसकीने त्यातले तीस रुपये सोडून दिले. वहीतली ओळ खोडली. त्याने पणजीच्या हातावर एक पैसाही ठेवला नाही. तरीही ती तीस रुपयांनी वर आली. देणे काढून घेणे म्हणजे देण्यासारखेच आहे.

पुतणी काही बोलली नाही. तिने नाणी आपल्याकडे ओढली आणि पुन्हा स्वतः मांडून पाहिली. आम्ही गप्प बसलो. शिकवणाऱ्याने केव्हा गप्प बसावे हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली आहेत.

या प्रसंगातून आम्हांलाही शून्याविषयी एक गोष्ट नव्याने कळली. शून्य म्हणजे रिकामे टेबल, असे आपण समजतो. परंतु दहा छापे आणि दहा काटे यांनी भरलेले टेबलही शून्यच आहे. भरलेल्या शून्यातून हवे ते उचलता येते, रिकाम्यातून नाही. म्हणून वजाबाकीत अडले की जोड्या आणायच्या.

आता स्तांधालकडे वळू. गुणाकारातला एक अंक 'काय' हे सांगतो आणि दुसरा 'किती वेळा' हे सांगतो. तीन गुणिले उणे दोन म्हणजे दोन काट्यांची मूठ तीन वेळा टेबलावर ठेवणे. सहा काटे झाले, उणे सहा. मग उणे तीन गुणिले उणे दोन म्हणजे काय? दोन काट्यांची मूठ तीन वेळा टेबलावरून उचलणे. अधिक तीन म्हणजे तीन वेळा ठेवणे. उणे तीन म्हणजे तीन वेळा उचलणे. आपण सहा जोड्यांच्या भरलेल्या शून्यापासून सुरुवात करू. दोन काटे उचलले, पुन्हा दोन उचलले, पुन्हा दोन उचलले. आता टेबलाकडे पाहा: सहा छापे. धन सहा!

स्तांधालची अडचण कोठे होती, हे आता दिसेल. त्याने कर्जाला कर्जाने गुणले. कर्जाला कर्जाने गुणता येत नाही, जसे आंब्याला आंब्याने गुणता येत नाही. पाचशे फ्रँकचे कर्ज गुणिले उणे दहा हजार याचा अर्थ, पाचशे फ्रँकच्या देण्याच्या दहा हजार ओळी वहीतून खोडल्या. असा सावकार भेटला तर पन्नास लाखांचा लाभ खरोखरच होईल! नियम बरोबर होता आणि मुलाचा प्रश्नही बरोबर होता. मधला एक शब्द कोणी सांगितला नाही, एवढेच.

ज्यांना नाण्यांवर विश्वास नसेल त्यांनी आकड्यांची चाल पाहावी. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य. प्रत्येक पायरीला उत्तर दोनाने वर चढत आहे. मग पुढच्या पायरीला, उणे एक गुणिले उणे दोन येथे, ते दोनाने वर चढून अधिक दोनच व्हायला हवे. जिना मधेच मोडायचा नसेल तर दुसरा इलाज नाही.

एवढ्यावर व्याख्यान संपवले तर फासे आमच्यावर रुसतील. समजणे एका संध्याकाळी होते. अंगवळणी पडायला सराव लागतो, आणि सरावाला कंटाळा ही जुनी जोडी आहे. त्यावर उपाय म्हणजे खेळ. जमिनीवर खडूने एकवीस घरे आखा, उणे दहापासून अधिक दहापर्यंत. मधल्या शून्यावर सोंगटी ठेवा. पांढरा फासा म्हणजे धन, लाल फासा म्हणजे ऋण. दोन्ही एकदम टाका. पांढरा चार, लाल सहा पडले तर सोंगटी चार घरे वर आणि सहा घरे खाली, म्हणजे दोन घरे खाली. अधिक दहा गाठला तर डाव जिंकला, उणे दहावर घसरला तर हरला.

दोन फाशांचे एकूण ३६ प्रकार पडतात. त्यांतले ६ प्रकार शून्य देतात. अधिक एकचे ५ आणि उणे एकचेही ५. अधिक दोनचे ४ आणि उणे दोनचे ४. असे कमी होत होत अधिक पाचचा १ आणि उणे पाचचा १. हा फासा धनाचाही पक्षपाती नाही आणि ऋणाचाही नाही. आणखी एक गंमत अशी की, नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज सात असते. लाल फाशावर दोन दिसत असतील तर त्याच्या पोटाखाली पाच असतात. म्हणून लाल फाशाचे दोन वजा करणे आणि पोटाखालचे पाच मिळवून सात वजा करणे, ही एकच गोष्ट आहे. दोन फाशांच्या बेरजेत सात सर्वांत जास्त वेळा पडतात आणि वजाबाकीत शून्य सर्वांत जास्त वेळा पडते, यामागे हेच कारण आहे. वजाबाकी ही पोटात लपलेली बेरीजच आहे.

खेळ थोडा मुरला की त्यात नाणे आणा. फाशांबरोबर एक नाणेही उडवायचे. छापा पडला तर फाशांवरचे ठेवायचे. काटा पडला तर फाशांवरचे उचलायचे. पांढरा दोन, लाल सहा आणि नाण्याचा काटा पडला, तर दोन धन गेले, म्हणजे दोन घरे खाली. पण सहा ऋण गेले, म्हणजे सहा घरे वर. एकूण चार घरे वर!

आमची पुतणी पहिल्या दिवशी लाल सहा पडले की तोंड पाडून बसे. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही आतल्या खोलीत वाचीत बसलो होतो आणि बाहेरून तिचा आवाज आला. फासे पडून थांबले होते, नाणे अजून हवेत होते, आणि ती ओरडत होती, "काटा पड! काटा पड!" फाशांवर पांढरा एक होता आणि लाल सहा. ऋणातून ऋण उचलले की आपण वर येतो, हे आता तिला कोणी सांगावे लागत नव्हते. ती त्याची वाट पाहत होती.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला भास्कराचार्यांसारखा दुसरा गुरू नाही. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'तल्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत आहे. त्यातच माकडांचे एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले सात, वर्ग ४९, अधिक एक, हिशेब जुळला. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, अधिक एक, पाच. हाही हिशेब जुळला! ऋणाचा वर्ग धन, हे आचार्यांना मान्यच होते. तरीही त्यांनी पाच हे उत्तर सोडून दिले. का? तर उणे दोन माकडे लोकांना पटत नाहीत. जेथे उलट दिशेला अर्थ आहे तेथेच ऋणाला अर्थ आहे. पैशाला देणे आहे, जिन्याला तळघर आहे, तापमानाला गोठणबिंदूच्या खालची थंडी आहे. माकडाला उलट माकड नाही. आकडे जुळले तरी अर्थ जुळतो का, हे पाहण्याचे काम माणसाचेच राहते.

आमची विनंती मोठी नाही. आपल्या घरातले मूल उद्या "असे का?" म्हणून विचारील, तेव्हा त्याला बाकावर उभे करू नका, वीस नाणी शोधा. आपल्याला उत्तर येत नसेल तर त्याच्याबरोबर जमिनीवर बसा आणि मांडून पाहा. तेवढ्याने ते मूल मोठे गणिती होईलच असे नाही. पण "मला गणित येत नाही" हे वाक्य ते जन्मभर वागवणार नाही. आमच्या मित्राला हे कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते. आज तो नाही. त्याच्या डोक्यावरची ती उणी खूण पुसायची राहून गेली.

आपण एवढ्या उकाड्यात, एवढा वेळ, गणित ऐकत बसलात. आपले हे ऋण आमच्या खात्यावर तसेच राहू द्यावे. ते वजा झाले तर आम्ही वर येऊ खरे, पण या एका ऋणाच्या बाबतीत आम्हांला वर येण्याची मुळीच इच्छा नाही.